फीत कापल्यानंतरचे २०० तास

कोल्हापूर जिल्ह्यात आमदार, खासदार, साखर कारखान्याचे अध्यक्ष, दूध संघाचे संचालक यांच्या पत्नीला गाव 'वहिनी' म्हणते. घराणे मोठे असेल तर 'वहिनीसाहेब'. या बाईंकडे बहुतेक वेळा कुठलेही पद नसते. तरी हळदीकुंकू, बचतगटाचा मेळावा, शाळेचे स्नेहसंमेलन, गुणवंतांचा सत्कार यांची पत्रिका त्यांच्या नावाशिवाय छापली जात नाही. मुख्याध्यापक त्यांचा फोन लगेच उचलतात. ग्रामपंचायतीचा हॉल हवा असेल तर किल्ली घरपोच येते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी बोलावले की गल्लीतल्या बायका येतात, आणि 'कुठं चाललीस?' असे घरातले कोणी विचारत नाही. पुरुष नेत्याला, सरकारी अधिकाऱ्याला किंवा शिक्षकाला हे जमत नाही.

ही ताकद शिक्षणासाठी वापरायची असे अनेक वहिनींना मनापासून वाटते. ती खर्च मात्र होते वह्यावाटपावर, दप्तरवाटपावर आणि सत्कारांवर. आमचे म्हणणे असे, की या जिल्ह्यात ती सगळ्यात आधी प्रौढ स्त्रियांच्या साक्षरतेवर खर्च झाली पाहिजे. तीही मेळाव्याच्या रूपात नको, २०० तासांच्या वर्गाच्या रूपात हवी.

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची साक्षरता ८१.५१ टक्के होती. पुरुष ८८.५७ आणि स्त्रिया ७४.२२. म्हणजे सात वर्षांवरच्या दर चार बायकांतल्या एकीला वाचता येत नव्हते, आणि पुरुषांशी तुलना केली तर चौदा टक्क्यांहून जास्त अंतर होते. ज्या संस्थानात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, त्याच मातीतला हा आकडा आहे. आज शाळेत न जाणारी मुलगी शोधावी लागते. पण पन्नाशी-साठीतली बाई, जिने आयुष्यभर भांगलण केली, वैरण काढली, दोन वेळा डेअरीला दूध घातले, ती दुधाच्या पावतीवरचा फॅट अजून दुसऱ्याकडून वाचून घेते. तिच्यासाठी इमारत बांधावी लागत नाही, म्हणून उद्घाटनही होत नाही. जिथे कोनशिला बसत नाही तिथे निवडून आलेला माणूस सहसा वेळ घालत नाही. ही रिकामी जागा वहिनी भरू शकतात.

नेत्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या पत्नीचे शिक्षणातले काम आपण कसे आठवतो तेही पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हटले की वसतिगृहातल्या मुलांसाठी मोडलेले मंगळसूत्र एवढेच भाषणात येते. तो त्याग खरा आणि मोठाच. पण साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवणे, रोजचे धान्य पुरवणे, आजारी पोराच्या उशाशी बसणे, ही रोजची व्यवस्था लक्ष्मीबाई चालवत होत्या. दागिना एकदाच मोडला जातो, स्वयंपाक मात्र रोज करावा लागतो. आपण दागिना लक्षात ठेवला आणि व्यवस्था विसरलो. म्हणून आजही एक दिवसाचे वाटप आपल्याला काम वाटते.

इंदुमती राणीसाहेबांचे उदाहरण वेगळे. शाहू महाराजांची ही सून १९१८ मध्ये, अगदी लहान वयात, विधवा झाली. महाराजांनी सोनतळीला तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे राणीसाहेबांनी कोल्हापुरात स्त्रियांसाठी ललितविहारसारखी संस्था उभी केली. राजघराण्याचे वजन त्यांनी संस्थेत ओतले. आणि चित्रा नाईक? आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांच्या पत्नी, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या कामाशी जोडलेल्या, पुढे राज्याच्या शिक्षण संचालक आणि नियोजन आयोगाच्या सदस्य. त्यांना 'नाईकांच्या पत्नी' म्हणून कोणी ओळखत नाही, कारण प्रौढ व अनौपचारिक शिक्षणाचा त्यांचा अभ्यास स्वतःचा होता. वहिनींनी या दोघींकडून दोन गोष्टी घ्याव्यात: वजन संस्थेत घालणे आणि विषय स्वतः शिकणे. अमेरिकेत अध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश यांनी १९८९ मध्ये कौटुंबिक साक्षरतेसाठी प्रतिष्ठान काढले. त्यामागचा विचार आपल्यालाही उपयोगी आहे: आई वाचायला शिकली तर मुलाचे वाचन सुधारते, म्हणून दोघांना एकत्र धरा. त्या पदावरून गेल्या, प्रतिष्ठान राहिले.

आता वर्गाकडे येऊ.

केंद्राचा 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांसाठी, शाळा हे एकक धरून, विनामोबदला स्वयंसेवकांच्या आधारावर. शेवटी १५० गुणांची चाचणी: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. महाराष्ट्रात पहिली चाचणी मार्च २०२४ मध्ये झाली. आराखडा म्हणून यात चुकीचे फारसे काही नाही. अडते ते गावात, आणि नेमके कुठे अडते हे माहीत असेल तरच वहिनींच्या फोनचा उपयोग.

पहिली अडचण यादीची. 'तुम्हाला वाचता येतं का?' असे दारात विचारले की बाई 'व्हय' म्हणते, कारण शेजारीण ऐकत असते. बचतगटामुळे बहुतेकींना सही येते. पण ती सही चित्रासारखी गिरवलेली असते, नावातली अक्षरे सुटी करून दाखवता येत नाहीत. जनगणनेची व्याख्या समजून वाचता आणि लिहिता येणे अशी आहे, सही त्यात बसत नाही. म्हणून विचारू नये, हातात दुधाची पावती किंवा वीजबिल द्यावे आणि 'यातली तारीख कुठली?' एवढेच पाहावे. हे काम गल्लीतल्याच बाईने, दुपारी, एकेकीला गाठून करावे. शंभर घरांना दोघी जणींना साधारण आठवडा लागतो.

दुसरी अडचण डोळ्यांची, आणि वर्ग ओस पडण्याचे हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. शिकायला येणाऱ्या बहुतेकींना चाळिशी लागलेली असते. पाटीवरचे अक्षर दिसते, पुस्तकातले दिसत नाही. बाई 'माझ्या डोक्यात शिरत नाही' म्हणते आणि तिसऱ्या आठवड्यात यायची बंद होते. वर्ग सुरू व्हायच्या आधी नेत्रतपासणी झाली पाहिजे. जवळचे पाहायचे चष्मे साधारण एक ते तीन नंबरांत बसतात. मोतीबिंदू निघाला तर ती बाई आधी दवाखान्यात, मग वर्गात. वाटायचेच असेल तर वहिनींनी दप्तरांऐवजी हे चष्मे वाटावेत. पण नंबर तपासून, एका मापाचे शंभर नव्हेत.

तिसरी, वेळ. जिल्ह्याचे दोन भाग पडतात. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी आणि पन्हाळ्याचा पश्चिम भाग इथे जून-जुलैत रोपलावण, दिवाळीच्या आसपास भातकापणी. पूर्वेला शिरोळ-हातकणंगल्याकडे बारमाही ऊस आणि भाजी. तिथे पावसाळ्यात पंचगंगा-कृष्णेच्या पुराची टांगती तलवार असते, २०१९ आणि २०२१ ला काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. दोन्हीकडे चालणारा काळ एकच, दिवाळी झाल्यापासून पुढे. रोजची वेळ डेअरी ठरवते: सकाळ-संध्याकाळ दूध घालायच्या वेळेला वर्ग ठेवला तर तो फक्त कागदावर राहतो. पूर्वेकडे भांगलणीहून दुपारी परतल्यावर, पश्चिमेकडे रात्री जेवणे उरकल्यावर. वेळ बायकांनी ठरवावी आणि नंतर कोणाच्याही दौऱ्यासाठी ती बदलू नये.

साक्षरता अभियानाच्या काळापासून प्रौढाला अक्षरओळख व्हायला सुमारे २०० तास धरले जातात. रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस म्हणजे वीस आठवडे. दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या मध्यापर्यंत सतरा-अठरा आठवडेच मिळतात. त्यात लग्ने, यात्रा, आजारपण, उसाला पाणी. तीन दिवसांतले दोन दिवस बाई आली तर मार्चपर्यंत तिच्या पदरात एकशे पंधरा तासांच्या आसपास पडतात. तेवढ्यात तिला चाचणीला बसवले की एक तर शेजारी कोणीतरी उत्तर सांगते, नाही तर ती नापास होऊन पुन्हा फिरकत नाही. दोन्ही वाईट. वर्ग मेपर्यंत चालू ठेवावा आणि जी तयार नाही तिला पुढच्या चाचणीला बसवावे. 'आमच्या तालुक्यात इतक्या हजार साक्षर झाल्या' हे सांगायची घाई वहिनींनी केली की खालचा प्रत्येक माणूस आकडे फुगवतो. हे त्यांच्या एका वाक्याने होते, म्हणून ते वाक्य त्यांनी उच्चारू नये.

एका वर्गात आठ ते दहा बायका पुरेत. वीस झाल्या की मागच्या ओळीत गप्पा सुरू होतात आणि शिकवणारीला प्रत्येकीचा हात धरता येत नाही. शिकवायला गल्लीतली दहावी-बारावी झालेली सून किंवा कॉलेजची मुलगी सर्वांत चांगली. फक्त सासूला स्वतःच्या सुनेच्या वर्गात बसवू नये. दोन गल्ल्यांतल्या शिकवणाऱ्या अदलाबदल कराव्यात. आणि शिक्षकांवर हे काम ढकलू नये. २०२३ मध्ये असाक्षरांच्या सर्वेक्षणावर शिक्षकांनी बहिष्कार टाकला होता, आणि अशैक्षणिक कामांबद्दलची त्यांची तक्रार रास्तच होती. वहिनींच्या फोनवर जुंपलेला गुरुजी वर्ग घेत नाही, अहवाल भरतो.

शिकवायचे कसे? अ, आ, इ पासून तर मुळीच नाही. क, म, न, प, र, व आणि काना एवढे घेतले तरी काम, नाव, पान, नाक, कान, मका, वारा, पार असे कितीतरी शब्द पहिल्या पंधरवड्यात वाचता येतात, आणि वाचता आले हा आनंदच तिला उद्या पुन्हा आणतो. 'दूध' आणि 'ऊस' यांतले दीर्घ उकार अवघड, पण हे शब्द ती रोज पाहते, म्हणून ते अख्खे ओळखायला आधीच द्यावेत. गोंधळ ठरलेले आहेत: भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य, 'ख' म्हणजे 'रव' वाटणे. या जोड्या एकाच दिवशी शिकवू नयेत, मध्ये आठवडा जाऊ द्यावा. जोडाक्षरे आणि र ची रूपे (सूर्य, चक्र, ट्रक, दुसऱ्या) शेवटच्या तिसऱ्या भागात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिल्या वर्षी सुधारायला जाऊ नये. खुरपे धरलेल्या हाताला पेन्सिल नाजूक लागते. टोक मोडते, कागद फाटतो, बाई खजील होते. पहिला आठवडा खडू आणि पाटी, मग जाड पेन्सिल, मग दुरेघी वही.

हिशेबाची गोष्ट उलटी असते. तोंडी हिशेबात या बायका शिकवणारीपेक्षा पुढे असतात. गफलत लिहिताना होते. मराठीत आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो, म्हणून ती ५२ लिहिते. 'एकशे पाच' हे १००५ होते. हे तिच्या बुद्धीमुळे होत नाही, आपल्या भाषेत संख्या अशाच बोलल्या जातात म्हणून होते; आणि तिला तसे सांगितले की चूक निम्म्याने कमी होते. सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. दूध संस्थेची पावतीच घ्यावी: लिटर, फॅट, एस.एन.एफ. (दुधातले फॅटशिवायचे घन घटक), दर, रक्कम. म्हशीच्या दुधाचा दर ६.० फॅट आणि ९.० एस.एन.एफ. धरून सांगतात, ६.५ आणि ६.०५ यांत कुठला मोठा, हा दशांश अपूर्णांकाचा धडा तिथेच होतो, कारण त्यात तिचे पैसे आहेत. पावतीवर, मोबाइलवर, एटीएमवर इंग्रजी आकडे असतात आणि मराठी पुस्तकात मराठी. दोन्ही शिकवावे लागतात; पावतीचे आधी.

या सगळ्यात वहिनींचे काम किती? जागा मिळवून देणे, वेळेचे रक्षण करणे, चष्म्यांची सोय करणे, आणि सर्वांत जास्त म्हणजे महिन्यातून एकदा न सांगता वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसणे. हार नाही, माईक नाही, फोटो नाही. हजेरीपट मागायचा, ज्या तिघी येत नाहीत त्यांच्या घरी चहाला जायचे आणि का येत नाहीत ते ऐकायचे. कारण बहुतेक वेळा साधे असते: नातू सांभाळायला कोणी नाही, रात्री गल्लीत दिवा नाही, नवरा पिऊन येतो. यातला दिवा वहिनींच्या एका फोनने लागतो. नातवाला वर्गात आणू द्यावे. नवऱ्याचे उत्तर कठीण आहे. पण वहिनी त्या घरी चहा पिऊन गेल्या हे त्यालाही कळते.

नाव देण्याचा मोह इथेच आवरला पाहिजे. वर्गाला साहेबांचे नाव दिले की दुसऱ्या गटाच्या घरातली बाई येत नाही. आपल्याकडे गटबाजी भावकीपर्यंत मुरलेली असते हे वेगळे सांगायला नको. नेत्याचा फोटो छापलेल्या वह्या आचारसंहिता लागली की कपाटात जातात, आणि वर्गही त्याच दिवशी बंद पडतो. निकाल विरुद्ध लागला तर कायमचा. म्हणून हजेरीपट शाळेच्या ताब्यात, खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर, आणि वर्ग गल्लीच्या नावाने. वहिनींचे नाव कुठेच नसावे. ते लोकांना ठाऊक असतेच.

'ज्या बाईला कोणी निवडून दिलेले नाही तिने शाळा-ग्रामपंचायतीवर हुकूम का चालवावा?' हा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्हाला मान्य आहे. पदाशिवायची सत्ता कोणाला उत्तर देत नाही. पण ती सत्ता आज अस्तित्वात आहे आणि रोज वापरली जाते: बदल्यांत, प्रवेशांत, सत्काराच्या याद्यांत. ती नाहीशी होईपर्यंत तिला उघड्या हजेरीपटाला आणि उघड्या खर्चाला बांधणे हे तिला मोकळे सोडण्यापेक्षा बरे. बदल्यांचा फोन मात्र बंद झाला पाहिजे. गावातली चांगली शिक्षिका साहेबांच्या घरच्या शब्दावर हलवली जात असेल, तर त्याच घरातून आलेल्या दप्तरांचा त्या मुलांना काय उपयोग?

दुसरा आक्षेप त्याहून टोकदार आहे: हे सरकारचे काम, दानधर्माने ते झाकले जाते. झाकले जाऊ शकते, हे खरे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्यांवर पट वीसच्या खाली जातो आणि शाळा बंद करून मुले दुसरीकडे नेण्याची भाषा सुरू होते. पावसाळ्यात ओढा ओलांडून सात वर्षांची मुलगी किती दिवस जाईल? तो प्रश्न विधानसभेत आणि जिल्हा परिषदेत सुटतो, आणि तिथे वहिनींचे यजमान बसतात. त्यामुळे वहिनींचे शिक्षणकार्य घराबाहेर जितके आहे तितकेच घरात आहे. जेवणाच्या ताटावर 'त्या वाडीच्या शाळेचं काय केलं?' हे विचारायचा अधिकार कुठल्याही अधिकाऱ्याला नाही. तो त्यांना आहे. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली आणि कायदाही केला. एक केले म्हणून दुसरे टाळले नाही.

कारखान्याच्या अध्यक्षांच्या घरातल्या वहिनींवर आणखी एक जबाबदारी येते. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, कारखान्याच्या अड्ड्यावर त्यांच्या खोपी (झोपड्या) पडतात. एक जोडपे म्हणजे एक कोयता, आणि त्या हिशेबात मुले कुठेच धरलेली नसतात. आई-बाप पहाटे फडात जातात; दहा वर्षांची मुलगी धाकट्याला घेऊन खोपीत राहते, आणि म्हणूनच ती शाळेत जात नाही, शाळा अर्ध्या किलोमीटरवर असली तरी. तिच्यासाठी आधी पाळणाघर लागते, मग शाळा. टोळी उतरल्यापासून पहिल्या आठवड्यात खोपी-खोपीतून मुलांची मोजणी झाली पाहिजे. गावाकडच्या शाळेने दिलेले शिक्षण हमी कार्ड आईच्या पिशवीत आहे का ते पाहायचे. बहुतेक वेळा ते दिलेलेच नसते, मग त्या मुख्याध्यापकांना फोन करून मागवायचे. इथल्या शाळेत नाव घालायचे, माध्यान्ह जेवणाच्या पटावर घालायचे. हे सगळे कारखान्याच्या शेती खात्याच्या एका कारकुनाला वहिनींनी नेमून दिले तर होते, कारण कुठली टोळी कुठल्या अड्ड्यावर उतरली हे त्याच्याच वहीत असते. मग पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आठ दिवस आधी, ट्रॅक्टर गावाकडे निघण्यापूर्वी, इथल्या शाळेने हजेरी लिहून ती कार्डे परत करायची. मुकादमाकडे नाही, आईच्या हातात. आणि त्यावर काय लिहिले आहे ते तिला वाचून दाखवायचे.